एका पायावर तीस सेकंद

बुधवार, १ नोव्हेंबर २००६. पहाटे ५.४०. शिरूर.

या वहीत मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. ते असे: अडुसष्ट वर्षांचा, शिस्तबद्ध मनाचा माणूस गुरूशिवाय, वर्गाशिवाय आणि सोबतीशिवाय, केवळ नेमाच्या बळावर, चिनी अंतर्गत युद्धकलेचा रोज सराव करू शकतो; त्या सरावाने स्वतःचा तोल परत मिळवू शकतो; आणि म्हणून त्याला त्याच्या शिरूरच्या घरातून उचलून दौंडला नेण्याचे कोणतेही कारण शिल्लक राहत नाही.

वही खासगी आहे. चौतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवल्यानंतर मला श्रोत्यांची गरज उरलेली नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. माझी मुलगी गौतमी दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या मते मी या वर्षात तीनदा पडलो. माझ्या मते दोनदा. एसटीच्या पायरीवरून पडलो ते मान्य, न्हाणीत पडलो तेही मान्य. तिसऱ्या वेळी मध्ये भिंत होती, आणि भिंतीने अडवलेले पडणे हे पडणे नव्हे. तिने आपल्या क्वार्टरमधली मागची खोली आम्हा दोघांसाठी रिकामी करून ठेवली आहे. मुलीच्या घरी राहू नये असे म्हणण्याची सोय मला नाही. ते मत मी चाळीस वर्षे जाहीर सभांतून खोडत आलो आहे. त्याचा आज प्रथमच खेद झाला.

करार असा. शंभर दिवस सराव. त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे ११ फेब्रुवारीला, सर्वांसमोर एका पायावर तीस सेकंद. उभा राहिलो तर दौंडचा विषय कायमचा बंद. नाही राहिलो तर आम्ही दोघे सामान बांधणार. गौतमी दहा सेकंद म्हणत होती. तीस हा आकडा माझा.

सोजरबाई, माझी पत्नी, या प्रकरणात माझ्या पक्षाची आहे. तिने तसे म्हटलेले नाही. पण विरोधही केलेला नाही.

आजचा सराव: उद्यापासून. आज वही आखली.

गुरुवार, २ नोव्हेंबर. सकाळी ६.१५

सरावाचे साधन: एक झेरॉक्स पुस्तक. जावई रोहन शिक्रापूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहतो. तिथे मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आले आहेत, त्यांना सगळे चेनसाहेब म्हणतात. ते रोज पहाटे कँटीनच्या मागे पाण्यात चालल्यासारखे सावकाश हातपाय हलवतात. त्याला ताई ची म्हणतात. रोहनने त्यांचे पुस्तक एका दिवसापुरते मागून आणले. कोर्टाजवळच्या दुकानात शाकीरने त्याची प्रत काढून बाईंडिंग केले. शाकीर हा माझे मित्र मीरासाहेब यांचा मुलगा. मीरासाहेब कोर्टातून बेलिफ म्हणून रिटायर झाले.

पुस्तकात मजकूर सगळा चिनी. चित्रे मात्र स्पष्ट: एक टकला गृहस्थ, चोवीस आकृत्या. पानांचे आकडे झेरॉक्समध्ये कापले गेले आहेत. शाकीरने मदरशाच्या उर्दू पुस्तकांप्रमाणे हे पुस्तकही उजवीकडून बांधले आहे. रोहनने शंका काढली. मी विचारांती निर्णय दिला की चिनी लोक परंपरेने उजवीकडून लिहीत. हे पुस्तक चिनी आहे. म्हणून बाईंडिंग योग्य आहे. शाकीरने अजाणता बरोबर तेच केले.

संकल्प वीस मिनिटांचा होता. झाली सात. पहिल्या दिवसाच्या मानाने समाधानकारक.

रविवार, ५ नोव्हेंबर

या कलेत घाई निषिद्ध आहे. एक हात वर जायला एक श्वास लागतो. दुसऱ्या श्वासाला नाकावर माशी बसते. तिसऱ्याला आठवते की टाकीचा नळ चालू राहिला आहे. चित्रातल्या गृहस्थाच्या घरी नळ नसावा.

तक्रार एक. सोजरबाई ऐन सरावाच्या वेळी सूप घेऊन अंगणातल्या पायरीवर येऊन बसते आणि तांदूळ निवडते. एकांतात बाधा येते. तिला आत बसण्यास सुचवले. आत अंधार आहे म्हणाली. मी दिवा लावून दाखवला. ती हो म्हणाली आणि पायरीवरच बसून राहिली.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

मीरासाहेब कुंपणावरून बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सर, ह्ये दळान चाल्लंय बगा. फकस्त जातं तेवढं न्हाई."

त्यांना शांतपणे समजावले की ही मूलतः लढाईची कला आहे; हालचाल संथ असली तरी प्रत्येक हातात प्रहार दडलेला आहे. त्यांनी विचारले, शत्रू तवर थांबून राहतो का. प्रश्न उथळ आहे. उत्तर उद्या देईन.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

उत्तर सापडले नाही. सराव अर्धाच केला, कारण मीरासाहेब पुन्हा कुंपणाशी येण्याची शक्यता होती.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

एक अडचण नोंदवतो. या चोवीस आकृत्यांत पाय बहुतेक वेळा मागे टाकावा लागतो. मागे काय आहे ते दिसत नाही. आज टाच कपडे धुण्याच्या दगडाला लागणार होती, पण दगड जागेवर नव्हता. सोजरबाईने तो न्हाणीच्या भिंतीला सरकवला आहे. बादली, खराटा, सायकल हेही हलले आहे. मला न विचारता अंगणाची रचना बदलणे मला पसंत नाही. तिला तसे सांगितले.

मंगळवार, २१ नोव्हेंबर. सकाळी ८.०५

थंडी. उठायला उशीर झाला. पांघरुणात असताना पुढील विचार सुचला, तो महत्त्वाचा आहे.

ही कला अंतर्गत आहे. जे अंतर्गत आहे ते बाहेरून दिसणे आवश्यक नसते. म्हणून या कलेचा सराव बाहेरून दिसणे आवश्यक नाही. अर्थात तो आडवे राहूनही होऊ शकतो. पहिल्या आठ आकृत्या मनाने केल्या. घाम आला नाही, परंतु घाम हे बाह्य लक्षण आहे.

उठून बाहेर आलो तेव्हा सोजरबाई पायरीवर सूप घेऊन बसलेली होती. हात गारठले होते तिचे. इतक्या थंडीत बाहेर बसण्याचे कारण काय, असे विचारले. ती म्हणाली, आता चहा टाकते.

२२ ते २७ नोव्हेंबर

सराव: अंतर्गत.

झोप लागल्यानंतरही सराव चालू राहतो का, हा प्रश्न तूर्त खुला ठेवतो.

रविवार, ३ डिसेंबर

सोजरबाईची बहीण जाईबाई वडगाव रासाईला असते. तिच्या नातीचे आज बारसे. सोजरबाई गेली नाही. मी जाण्यास हरकत घेतलेली नव्हती. मी येत नाही, कारण नेम मोडेल, एवढेच म्हणालो होतो. त्यावर तिने नेसलेले चांगले लुगडे बदलले आणि जाईबाईला फोनवर पाय दुखतो म्हणून सांगितले. तिला पूर्वी जाण्यायेण्याची आवड होती. वयाप्रमाणे माणूस घरात रमू लागतो.

सराव: बाराव्या आकृतीपर्यंत. बाराव्यानंतर चित्तात अशी काही खळबळ सुरू झाली की आत जाऊन शर्टाची बटणे तपासली. सर्व होती.

शुक्रवार, ८ डिसेंबर

वेळ बदलून पाहिली. पहाटेऐवजी संध्याकाळ. संध्याकाळी डास. जागा बदलून पाहिली. गच्चीवर वारा आहे आणि शेजारच्या बाई हसतात. बूट घालून पाहिले. अनवाणी पाहिले. पायमोजे घालून फरशीवर पाहिले. पायमोज्यांचा प्रयोग यापुढे करायचा नाही. निष्कर्ष: मूळ वेळ आणि मूळ जागाच योग्य होती. हे सिद्ध करण्यात चार दिवस गेले, ते सरावातच धरले पाहिजेत.

शनिवार, १६ डिसेंबर. रात्री जेवणानंतर

शिक्रापूरला जाऊन आलो. हेतू: चेनसाहेबांसमोर सादरीकरण. गुरू म्हणून नव्हे. एक साक्षीदार म्हणून.

सोजरबाई सोबत आली. तिला स्टीलचे झाकण घ्यायचे होते. झाकणे शिरूरला शिक्रापूरपेक्षा चांगली मिळतात हे मी दाखवून दिले, तरी आली. उतरताना माझ्याआधी उतरून एसटीच्या पायरीशी उभी राहिली, त्यामुळे मला उतरायला जागाच राहिली नाही आणि तिच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. झाकण घ्यायला ती विसरली.

कारखान्याच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीमागे मोकळी जागा होती. बाजूने ट्रक एकामागून एक. मी चोवीसही आकृत्या केल्या. टपरीवरचे कामगार चहा हातात धरून बघत राहिले. एक हिंदी बोलणारा कामगार दुसऱ्याला म्हणाला की चाचा को कुछ हुआ है क्या. चेनसाहेब मात्र अत्यंत गंभीरपणे पाहत होते. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले, तर्जनी वर केली आणि हवेत उलट्या दिशेने गोल गोल फिरवली.

हा बहुधा गौरवाचा संकेत असावा असे मला वाटले. मी नमस्कार केला.

रोहनने त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत बरेच बोलणे केले, आणि परतीच्या एसटीपर्यंत माझ्याकडे पाहणे टाळले. बस सुटताना खिडकीशी येऊन तो म्हणाला, "मामा, रागवू नका. ते म्हणतायत, काकांनी सगळं शेवटाकडून सुरुवातीला केलं. कॅसेट रिवाइंड केल्यासारखं. पुस्तक डावीकडून हाय."

सोजरबाई खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. रस्ता खराब आहे.

रविवार, १७ डिसेंबर

शांत चित्ताने विचार केला.

शंभरपासून एकपर्यंत मोजणे हे एकपासून शंभरपर्यंत मोजण्यापेक्षा अवघड आहे. मी अवघड ते केले. ज्याला अवघड जमते त्याला सोपे जमतेच. म्हणून आजवरचा सराव वाया गेलेला नाही; उलट मी ठरलेल्या वेळेच्या पुढे आहे. पाय सारखा मागे का टाकावा लागत होता, तेही आता उलगडले.

शाकीरला पुस्तक नव्याने बांधायला दिले. त्याने माफी मागितली. मी म्हणालो की चूक बाईंडिंगची नव्हती, निर्णयाची होती. तो म्हणाला, निर्णय कुणाचा सर? मी विषय बदलला.

सोमवार, १ जानेवारी २००७

कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना. गर्दी प्रचंड, दोघांनीही जाण्याचा आमचा जुना नेम. रांगेत पाऊण तास स्तब्ध उभा राहिलो. पुस्तकात खांबासारखे उभे राहण्याची एक बैठक दिली आहे. तिच्याशी हे तंतोतंत जुळते. सराव झाला असे धरले.

रांगेत सोजरबाई माझ्यामागे होती. तिथल्या गर्दीत ते स्वाभाविक आहे.

शनिवार, ६ जानेवारी

नवे बाईंडिंग आले. आकृत्या आता नव्याने शिकाव्या लागतील. छत्तीस दिवस उरले. त्यापेक्षा केवळ परीक्षेपुरती आकृती घ्यावी असा निर्णय केला: एक पाय उचलून कोंबड्यासारखे उभे राहणे. ज्याला एक खरे कळले त्याला सगळे कळते, असे मानण्यास आधार आहे.

आज कोंबडा: मोजून अठरा सेकंद. मोजणी मनातल्या मनात.

गुरुवार, ११ जानेवारी

कोंबडा: सव्वीस. मनात.

सोमवार, १५ जानेवारी

कोंबडा: एकतीस. प्रमेय जवळजवळ सिद्ध. मीरासाहेबांना बोलावून हातातले घड्याळ लावायला सांगितले. त्यांच्या घड्याळात चार सेकंद भरले.

त्यांचे घड्याळ बेलिफाचे आहे. समन्स बजावण्यापुरते ठीक. तरीही निष्पक्षपणे पाहता मनातले सेकंद आणि घड्याळातले सेकंद यांत काही अंतर संभवते. मीरासाहेब म्हणाले की कोर्टात पक्षकारांची पाच मिनिटं पण अशीच असायची.

शनिवार, २० जानेवारी

नऊ सेकंद. घड्याळाचे.

लक्ष एका बिंदूवर ठेवावे असे रोहन सांगतो. समोरच्या भिंतीवर खिळा आहे, त्यावर ठेवले. खिळा थोडा वाकडा आहे. हातोडी आणून सरळ केला. मग कॅलेंडर लावले. मग जानेवारीचे पान पाहताना लक्षात आले की बावीस दिवसच उरले आहेत, आणि पुढे जमेना.

रविवार, २८ जानेवारी

आज तोल गेला नाही. मात्र सोजरबाई नेमकी माझ्यामागे उभी असल्याने माझा तिला धक्का लागला आणि तिच्या हातातले सूप सांडले. तांदूळ अंगणभर. ती भिंतीला टेकली आणि बराच वेळ मनगट चोळत राहिली. तिला समजावून सांगितले की सरावाच्या वेळी माझ्यामागे उभे राहू नये; अशाने अपघात होतात.

ती खाली बसून तांदूळ गोळा करू लागली. मीही वाकलो असतो, पण वाकल्यावर डोके फिरते.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

गौतमीचा फोन. आईचे मनगट कसे आहे, असे तिने विचारले. तिला हे कसे कळले? मी सांगितले नव्हते. मनगट ठीक आहे असे कळवले आणि सोजरबाईकडे पाहिले. पट्टी होती.

गुरुवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ७.००

शंभरावा दिवस. ताळेबंद मांडणे प्रामाणिकपणाचे होईल.

प्रत्यक्ष उभे राहून सराव: एकतीस दिवस. अंतर्गत सराव: अठ्ठावीस. प्रयोग, प्रवास, बाईंडिंग आणि मानवंदना: तेरा. उरलेले अठ्ठावीस दिवस सराव तत्त्वतः चालू होता, कारण मी तो सोडल्याचे कधी जाहीर केले नव्हते.

कोंबडा: अकरा सेकंद. रविवारी तीस. एकोणीसचा फरक. तो पायाने भरून निघेल असे दिसत नाही. अन्य मार्गाचा विचार करावा लागेल.

शनिवार, १० फेब्रुवारी

मार्ग सापडला. समाधानाने झोपतो आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी. सायंकाळी ५.३०

घडले तसे लिहितो.

गौतमी आणि रोहन अकराला आले. मीरासाहेब साक्षीदार. गौतमीने दवाखान्यातले स्टॉपवॉच आणले होते. मी अंगणात उभा राहिलो. सोजरबाई सवयीने माझ्यामागे येऊन उभी राहिली. गौतमीने तिला बाजूला व्हायला सांगितले. ती पायरीवर जाऊन बसली. आज सूप नव्हते, हात मांडीवर.

पहिला प्रयत्न: पाच सेकंद. तो चाचणीचा होता असे मी जाहीर केले. दुसरा: अकरा. गौतमी हळू आवाजात म्हणाली की दादा, पुरे, खोली तयार आहे, उन्हाची खिडकी तुमच्याच बाजूला ठेवलीय.

तेव्हा मी मुद्दा मांडला. करारात शब्द आहेत "एका पायावर". एखाद्या गोष्टीवर उभे राहणे म्हणजे आपला भार तिच्यावर असणे. मी खुर्चीवर हात ठेवून बोललो तर मी हातावर उभा आहे असे कोणी म्हणत नाही. आता पुस्तकात एक पाऊल दिले आहे: सगळा भार मागच्या पायावर, पुढच्या पायाचे केवळ बोट जमिनीला लागलेले. रोहनने चेनसाहेबांना विचारून मला पूर्वीच सांगितले होते की त्याला रिकामे पाऊल म्हणतात. ज्यात भार नाही त्यावर कोणी उभे नसते. सबब रिकाम्या पावलात माणूस एका पायावरच उभा असतो.

मी रिकाम्या पावलात उभा राहिलो. अठ्ठेचाळीस सेकंद.

रोहन म्हणाला की हे चालणार नाही. त्याच्या हरकती एकेक करून खोडल्या. गौतमीने चार उदाहरणे दिली, चारही उलटवली. मीरासाहेबांचे मत मागितले, तेव्हा ते म्हणाले की मी बेलिफ, निकाल देत नाही, नुसता दारावर चिकटवतो. पाऊण तास युक्तिवाद चालला. गौतमीला रात्रपाळीसाठी दौंडला पोचायचे होते. शेवटी तिने स्टॉपवॉच पर्समध्ये टाकले.

"जिंकलात, दादा," ती म्हणाली. "वर्गात पण पोरं अशीच दमायची."

मी म्हटले की विधान सिद्ध झाले. यापुढे दौंडचा विषय निघू नये.

मग सोजरबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. तिने गौतमीला विचारले, "म्हंजी ह्यास्नी आता मागं कुनी लागत न्हाई?"

गौतमीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लागत नाही, हेच तर सिद्ध झाले.

"मग मी येते तुझ्यासंगं," सोजरबाई म्हणाली. "रोहन, जरा थांबा. दोन लुगडी घेते."

मी कारण विचारले. कारणाशिवाय निष्कर्ष काढता येत नाही, असेही म्हणालो. ती दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता बोलली. आवाज चढवला नाही.

"शंभर दिस सकाळची वंदना चुकली माझी. विहारात पाय न्हाई ठेवला. जाईच्या नातीचं त्वांड अजून बघितलं न्हाई. तांदूळ कवाच निवडून व्हायचं, तरी तेच तेच परत सुपात घेऊन बसायची, का तर तुम्ही पडताल. तुम्ही न्हाई उठला तरी मी उठून बसायची. कवा उठून याल, भरवसा न्हाई. आता तुमचं सिद्ध झालं. चांगलं झालं. मला जरा बसू द्या कुठंतरी, मागं न बघता."

पंधरा मिनिटांत ती गेली. जाताना औषधाच्या गोळ्या कोणत्या डब्यात आहेत ते मीरासाहेबांना दाखवून गेली. मला नाही.

माझा पक्ष जिंकला आहे. हे लिहून ठेवतो.

सोमवार, १२ फेब्रुवारी. पहाटे ५.३०

पूर्ण एकांत. शंभर दिवस ज्याची मागणी होती तो मिळाला.

अंगणात उभा राहिलो. बराच वेळ. पाय उचलला नाही. उचलण्याचे आज काही प्रयोजनही नव्हते.

चहात साखर दोनदा पडली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मीरासाहेबांच्या पत्नी शहाबानोभाभींनी भाकरी आणि डाळ पाठवली. मीरासाहेब स्वतः घेऊन आले आणि पायरीवर बसले. म्हणाले, सर, करा तुमची कसरत, मी बसतो हितं. मी म्हणालो की त्याने सराव सोबतीचा ठरेल आणि सिद्धांत बिघडेल. ते म्हणाले, बरं, मग मी असंच बसतो, तुम्ही करू नका. तासभर बसले. मी केला नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

पहाटे पाय उचलून पाहिला. जमिनीपासून दोन बोटे. त्याच क्षणी मागच्या सबंध बाजूला अंगण पसरलेले आहे आणि त्यात कोणीही नाही, हे पाठीला कळले. पाय खाली आला. भिंतीला धरून आत आलो.

मोजणी करीत बसलो. या घरात शंभर दिवसांचा नेम अखंड कोणी पाळला? माझे एकतीस. तिचे शंभर. थंडीतले धरून, मी पांघरुणात होतो तेही दिवस धरून. ही संख्या दोनदा तपासली. बदलत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी. सायंकाळी ६.००

दौंडला फोन केला. गौतमीने घेतला. सोजरबाईला बोलावण्यास सांगितले. गौतमी म्हणाली की आई घरी नाही. सकाळी वंदनेला गेली होती, आता रेल्वेच्या ग्राउंडवर वच्छलाबाईंबरोबर फिरायला गेली आहे. वच्छलाबाई कोण, असे विचारले. मैत्रीण, म्हणाली. चार दिवसांत.

निरोप काही देऊ का, असे तिने विचारले. मी म्हणालो, नाही, सहज केला.

तिने विचारले, पडला नाहीत ना. पडलो नाही, म्हणालो. उभा राहिलो तर पडेन.

शनिवार, १७ फेब्रुवारी. सकाळी ९.२०. शिरूर एसटी स्टँड.

दौंडची गाडी लागली आहे. न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून जाते. मी भेटीसाठी जातो आहे. पिशवीत उन्हाळ्याचे आणि थंडीचे, दोन्ही कपडे आहेत, कारण हवामानाचा भरवसा नसतो. घराची किल्ली मीरासाहेबांकडे दिली. ते म्हणाले, किती दिवसांनी येणार सर? मी म्हणालो, तो प्रश्न आता माझ्या एकट्याचा नाही, तिला विचारावे लागेल. तिला काय हवे हे मी कधी विचारलेच नाही. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर ते पिशवी उचलून गाडीपर्यंत आले.

पायरी उंच होती. कंडक्टरने हात पुढे केला. मी घेतला.

कबुली. या वहीच्या पहिल्या विधानात "सोबतीशिवाय" हा शब्द मी पुरावा न तपासता लिहिला. ज्या दिवशी मी उभा राहिलो त्या प्रत्येक दिवशी सोबत होती. ती माझ्या पाठीमागे असल्याने मी ती विचारात घेतली नाही. तो शब्द मी मागे घेतो. माझी चूक ती एकच. उरलेल्या युक्तिवादाबद्दल दौंडला, तिने ऐकून घेतले तर, बोलेन.

बन्सी हौशीराम ओव्हाळ